एस्टोनियात व्यवसायासाठी जाताय? कार्ड, कंपनी, कर आणि व्हिसा यांची गल्लत आधी सोडवूया

"एस्टोनियात घरबसल्या कंपनी काढता येते आणि तिथे कर भरावा लागत नाही." पुण्या-नाशिकचे सॉफ्टवेअरवाले, थोडीफार निर्यात करणारे छोटे कारखानदार, परदेशी ग्राहकांसाठी घरून काम करणारी मुलं-मुली, सगळ्यांकडून हे वाक्य कानावर येतं. त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा अर्धवट खरा आहे, आणि त्या अर्धवट माहितीपायी माणसं चार पैसे घालवून बसतात, वर इथल्या प्राप्तिकर खात्याची नोटीस ओढवून घेतात. देश चांगला आहे, व्यवहाराला सरळ आहे. तिथे जाणाऱ्या माणसाने तो नीट समजून घेऊन जावं, एवढ्यासाठी हा लेख.

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर तीन देश आहेत, त्यांतला सगळ्यांत उत्तरेकडचा एस्टोनिया. खाली लाटव्हिया, त्याच्याही खाली लिथुआनिया. पूर्वेला रशिया. उत्तरेला फिनलंडचं आखात ओलांडलं की हेलसिंकी. अंतर साधारण ८० किलोमीटर, बोटीने दोन तासांचा प्रवास, आणि ही बोट तिथले लोक आपण मुंबई-पुणे करावं तशी करतात. क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम सातवा हिस्सा. लोकसंख्या पावणेचौदा लाखांच्या आत. २०११च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहरात याहून जास्त माणसं होती. निम्मा देश जंगलाखाली आहे, बेटं दोन हजारांहून अधिक, आणि सगळ्यांत उंच टेकडी ३१८ मीटरची. राजधानी टॅलिनमध्ये साडेचार लाखांच्या आसपास लोक राहतात. दुसरं शहर टार्टू, तिथलं विद्यापीठ १६३२ सालचं.

या आकड्यांतून व्यावसायिकाने एक गोष्ट लगेच ताडावी. इथे माल विकायला देशांतर्गत बाजारपेठ जवळजवळ नाही. एस्टोनियन उद्योजक पहिल्या दिवसापासून बाहेरच्या देशाचा विचार करतो, कारण घरातलं गिऱ्हाईक चार दिवसांत संपतं. स्काइप २००३मध्ये आलं तेव्हा त्याचे संस्थापक स्वीडन आणि डेन्मार्कचे होते, पण ते लिहिलं टॅलिनमधल्या प्रोग्रामरांनी. पैसे पाठवणारी वाइज ही कंपनी दोन एस्टोनियनांनी लंडनमध्ये उभी केली. टॅक्सीचं अ‍ॅप चालवणारी बोल्ट २०१३मध्ये मार्कुस विलिग या पोरसवदा मुलाने टॅलिनमध्ये सुरू केली. तुमच्या समोर बसणारा माणूस या वातावरणात वाढलेला असतो. 'तुमच्या देशात आम्हाला काय विकता येईल' या प्रश्नापेक्षा 'आपण दोघं मिळून तिसऱ्या देशात काय विकू' हा प्रश्न त्याला जास्त रुचतो.

आणखी एक सांभाळायचं. तिन्ही बाल्टिक देशांना एका माळेत ओवू नका. एस्टोनियन भाषा फिनिशच्या कुळातली आहे, लाटव्हियन आणि लिथुआनियन यांच्याशी तिचं नातं नाही. एस्टोनियन माणूस स्वतःला फिनलंड-स्वीडनच्या जवळचा मानतो. 'तुम्ही पूर्वीचे रशियन' असं चुकूनही बोलू नये. का, ते पुढे येईलच. देशातल्या साधारण चौथाई लोकांची घरची भाषा रशियन आहे, आणि पूर्व सीमेवरच्या नार्वा शहरात तर नव्वद टक्क्यांहून जास्त. टॅलिनच्या कचेऱ्यांमध्ये इंग्रजीवर व्यवस्थित भागतं.

हा देश असा का झाला

२४ फेब्रुवारी १९१८ रोजी एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. त्यानंतर लढाई झाली, आणि १९२०च्या टार्टू तहात सोव्हिएत रशियाने ते मान्य केलं. वीस वर्षंच ते टिकलं. १९४०मध्ये सोव्हिएत सैन्य आलं, १९४१मध्ये जर्मन, १९४४मध्ये पुन्हा सोव्हिएत. १९४१च्या जूनमध्ये आणि १९४९च्या मार्चमध्ये हजारो माणसं, त्यांत बाया आणि लहान मुलं, गुरांच्या डब्यांत भरून सैबेरियाला पाठवली गेली. एकट्या मार्च १९४९मध्ये वीस हजारांच्या आसपास. दहा लाखांच्या देशात याचा अर्थ असा की ज्याच्या नात्यातलं कुणी गेलं नाही असं घर शोधावं लागतं.

१९८८मध्ये लाखो लोक टॅलिनच्या गीत-महोत्सवाच्या मैदानावर रात्रीच्या रात्री जमून बंदी घातलेली देशगीतं गायले. २३ ऑगस्ट १९८९ला तिन्ही देशांतल्या सुमारे वीस लाख माणसांनी टॅलिनपासून लिथुआनियाची राजधानी व्हिल्निअसपर्यंत ६०० किलोमीटर हाताला हात धरून साखळी केली. २० ऑगस्ट १९९१ला स्वातंत्र्य परत मिळालं. म्हणून त्यांच्याकडे दोन दिवस आहेत, आणि ऑगस्टमधल्या दिवसाला ते स्वातंत्र्य 'परत मिळवल्याचा' दिवस म्हणतात. सोव्हिएत काळ त्यांच्या लेखी परकी सत्तेने बळकावलेला काळ होता. समोरच्याच्या मनात हे सगळं असतं, बैठकीत तो बोलून दाखवत नाही इतकंच.

स्वातंत्र्य परत मिळालं तेव्हा तिजोरी रिकामी होती. १९९२च्या जूनमध्ये रूबल सोडून त्यांनी क्रोन हे स्वतःचं चलन आणलं आणि ते जर्मन मार्काला बांधून टाकलं. त्याच वर्षी मार्ट लार हा ३२ वर्षांचा इतिहासाचा अभ्यासक पंतप्रधान झाला. १९९४मध्ये सगळ्यांना एकच दर असलेला प्राप्तिकर आला. १९९६मध्ये शाळांशाळांत संगणक आणि इंटरनेट पोचवण्याची 'टायगर लीप' ही मोहीम जाहीर झाली. यामागचा हिशोब साधा होता: माणसांच्या मानाने मुलूख मोठा, विखुरलेली वस्ती, हातात पैसा कमी. प्रत्येक गावात कचेरी, कारकून आणि फायलींची कपाटं परवडणारी नव्हती. म्हणून कचेरीच तारेवरून लोकांपर्यंत न्यायची असं त्यांनी ठरवलं. पुढे २००४मध्ये देश नाटोत आणि युरोपीय संघात गेला, २००७च्या डिसेंबरमध्ये शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात), आणि १ जानेवारी २०११पासून तिथे युरो चालतो.

कार्ड आणि दोन पिन

२००२पासून प्रत्येक नागरिकाला चिप असलेलं ओळखपत्र मिळतं. त्याला दोन पिन असतात. पहिला किमान चार आकडी, 'मी कोण' हे दाखवायला. दुसरा किमान पाच आकडी, सही करायला. करार करायचा असेल तर काय होतं ते पाहा. दोन्ही पक्षांपैकी एक जण कार्ड वाचकयंत्रात घालतो, संगणकावर सहीचं सॉफ्टवेअर उघडतो, कराराची फाइल त्यात टाकतो, सहीचं बटण दाबतो आणि दुसरा पिन देतो. एक बंद फाइल तयार होते. तिच्या पोटात मूळ करार, सही करणाऱ्याचं नाव आणि सहीची वेळ. ती ईमेलने दुसऱ्याकडे जाते, तो तीच फाइल उघडून आपली सही जोडतो. नंतर करारातला स्वल्पविराम जरी बदलला तरी सही अवैध दिसते. पाच मिनिटांत काम संपतं, आणि युरोपीय संघात ही सही हाताने केलेल्या सहीच्या बरोबरीची आहे. पिन तीनदा चुकला की कार्ड अडतं, मग ते सोडवायला वेगळा सांकेतिक क्रमांक लागतो. आपल्याकडे कंपनीच्या संचालकाचा डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचा, टोकन असतो आणि तो बहुतेकदा सीएच्या खणात पडलेला असतो. तिथे अशी प्रथा नाही. कार्ड आणि पिन ज्याचे त्यानेच सांभाळायचे, दुसऱ्याला दिलं म्हणजे आपला हातच कापून दिला.

यामागे एक्स-रोड नावाची व्यवस्था २००१पासून आहे. सगळ्यांची सगळी माहिती एका मोठ्या कोठारात ठेवलेली नाही. करखात्याची माहिती करखात्याकडे, दवाखान्याची दवाखान्याकडे, जमिनीची जमीन नोंदणीकडे. एका खात्याला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर एक्स-रोडवरून मागायची, आणि मागितल्याची नोंद राहते. आपली माहिती कोणी उघडून पाहिली हे नागरिकाला स्वतः बघता येतं. सरकारने एकदा घेतलेली माहिती पुन्हा मागायची नाही असंही तत्त्व आहे. मला या देशाचं सगळ्यांत जास्त कौतुक याच गोष्टीचं वाटतं. लोकांचा भरवसा घोषणेने मिळालेला नाही, तो या नोंदवहीने मिळालेला आहे.

संकटंही आली. एप्रिल २००७मध्ये टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवल्यावर बँका, वर्तमानपत्रं आणि सरकारी संकेतस्थळांवर काही आठवडे सायबर हल्ले झाले. पुढच्याच वर्षी नाटोचं सायबर संरक्षण केंद्र टॅलिनमध्ये उभं राहिलं. देश बळकावला गेला तरी राज्यकारभाराच्या नोंदी शाबूत राहाव्यात म्हणून त्यांनी लक्झेम्बर्गमध्ये सर्व्हर ठेवले आहेत. त्यांना दूतावासासारखं संरक्षण आहे. २०१७मध्ये कार्डांच्या चिपमध्येच दोष सापडला, साडेसात लाखांच्या घरात कार्डं त्यात सापडली. सरकारने ते लपवलं नाही. पंतप्रधानांनी स्वतः जाहीर केलं आणि नंतर कार्डांची प्रमाणपत्रं बदलून घेतली.

ई-रेसिडेन्सी म्हणजे काय, आणि काय नाही

१ डिसेंबर २०१४पासून एस्टोनिया परदेशी माणसालाही असंच कार्ड देतो. त्याला ई-रेसिडेन्सी म्हणतात. अर्ज ऑनलाइन, मग तिथल्या पोलीस आणि सीमारक्षक विभागाची चौकशी, आणि मंजूर झालं की दूतावासात स्वतः जाऊन बोटांचे ठसे देऊन कार्ड घ्यायचं. भारतात ते नवी दिल्लीतल्या दूतावासात घेता येतं. मुदत पाच वर्षं. कार्डावर फोटो नसतो, कारण ते प्रवासाचं किंवा रहिवासाचं कागदपत्र नाहीच. आजवर लाखभराहून अधिक लोकांनी ते घेतलं आहे.

हे कार्ड तुम्हाला फक्त एक डिजिटल हात देतं. त्या हाताने सही करा, कंपनी नोंदवा, विवरणपत्र भरा. नागरिकत्व नाही, राहण्याचा हक्क नाही, व्हिसा नाही, बँकेत खातं मिळेलच याची हमी नाही, आणि तुम्ही करासाठी एस्टोनियाचे रहिवासी होत नाही. या पाच गोष्टींचे पाच वेगवेगळे दरवाजे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी. सगळी गल्लत इथूनच सुरू होते.

कंपनीचं म्हणाल तर खासगी मर्यादित कंपनीला तिथे 'ओसाउहिंग' म्हणतात, नावापुढे 'ओयू' लागतं. पूर्वी किमान भांडवल २,५०० युरो होतं. १ फेब्रुवारी २०२३पासून ती अट गेली, अगदी एका सेंटाचं भागभांडवलही चालतं. पण संचालक परदेशात असतील तर एस्टोनियात नोंदणीकृत पत्ता आणि संपर्क व्यक्ती लागते. ही सेवा परवानाधारक कंपन्या देतात आणि तिचे पैसे दरवर्षी द्यावे लागतात. त्यात हिशेबनीसाची फी मिळवा. धंदा एक युरोचाही झाला नसला तरी आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक अहवाल द्यायचाच, नाही तर कंपनी नोंदवहीतून काढली जाऊ शकते. कंपनी काढणं स्वस्त आहे, पोसणं तितकं स्वस्त नाही.

आता तो 'शून्य कर'

बहुतेक देशांत कंपनीला वर्षाच्या शेवटी नफा झाला की त्यावर कर लागतो. एस्टोनियाने २०००पासून ही पद्धत बदलली. नफा कंपनीतच ठेवला, त्यातून यंत्रं घेतली, माणसं नेमली, नवा माल विकसित केला, तर कर शून्य. नफा मालकाच्या खिशात जायला निघाला की कर लागतो. एक लाख युरो नफा झाला आणि सगळा कंपनीत राहिला, तर त्या वर्षी द्यायचं काही नाही. तो सगळा लाभांश म्हणून वाटला, तर २०२५पासूनच्या दराने २२ हजार सरकारला आणि ७८ हजार भागधारकाला. म्हणजे कर माफ नाही, लांबणीवर टाकलेला आहे. वाढत्या कंपनीला याचा मोठा फायदा होतो, कारण पैसा वापरात राहतो. महिन्याच्या महिन्याला सगळी कमाई घरखर्चाला काढणाऱ्याला यातून काहीच मिळत नाही.

पळवाट शोधू नका, ती त्यांनी आधीच बुजवली आहे. कंपनीच्या पैशातून घरचा किराणा भरला, भेटवस्तू दिल्या, व्यवसायाशी संबंध नसलेला खर्च केला, तर तोही वाटलेला नफा धरून त्यावर कर लागतो. पगार दिला तर कंपनीला त्यावर ३३ टक्के सामाजिक कर वेगळा भरावा लागतो. २,००० युरो पगारामागे ६६० युरो वरून. संचालकाचं मानधन एस्टोनियन कंपनीने दिलं, तर संचालक कोल्हापुरात बसलेला असला तरी त्यावर एस्टोनियात कर आहे. मूल्यवर्धित कर जुलै २०२५पासून २४ टक्के झाला, आणि वर्षाची उलाढाल ४०,००० युरोंच्या वर गेली की त्याची नोंदणी सक्तीची.

बँकेपाशी घोडं पेंड खातं. डान्स्के या डॅनिश बँकेच्या टॅलिन शाखेतून २००७ ते २०१५ या काळात परदेशी ग्राहकांचे सुमारे २०० अब्ज युरो फिरले आणि त्यातले बरेच संशयास्पद होते, हे २०१८मध्ये उघड झालं. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या कितीतरी पट ही रक्कम. तेव्हापासून तिथल्या बँका परक्या मालकाला खातं देताना हात आखडता घेतात. एस्टोनियात तुमचं गिऱ्हाईक, पुरवठादार, भागीदार किंवा कामगार आहे का, हे त्या विचारणारच. नसेल तर युरोपमधल्या ऑनलाइन पैसे-सेवांचा आधार घ्यावा लागतो, आणि बरेच जण तेच करतात.

भारतात राहणाऱ्याने आधी हे वाचावं

तुम्ही भारतात राहता, तर परदेशी कंपनीचे समभाग घेणं ही 'परदेशी थेट गुंतवणूक' होते. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालचे २०२२चे नियम लागू होतात. पैसे अधिकृत बँकेतूनच, ठरलेला फॉर्म भरून जावेत. एका व्यक्तीला आर्थिक वर्षात सर्व मिळून अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, ही गुंतवणूक त्याच मर्यादेत बसली पाहिजे. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल बँकेमार्फत द्यायचा. प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात कंपनी आणि तिचं खातं दाखवायचं. न दाखवल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे. छोट्या रकमांना २०२४मध्ये थोडी सवलत मिळाली. कार्डाने ऑनलाइन कंपनी झाली, भांडवल एक सेंट, मग कशाला कोणाला सांगायचं, असं म्हणून गप्प बसणारे पुढे अडकतात.

दुसरा मुद्दा याहून मोठा. कंपनी एस्टोनियाची, पण सगळे निर्णय पुण्यातून आणि सगळं कामही पुण्यातच. मग भारतीय प्राप्तिकर खातं विचारतं की या कंपनीचं खरं बूड कुठे आहे? कारभाराची प्रत्यक्ष जागा भारतात ठरली, तर कंपनीचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र होतं. ५० कोटींपर्यंत उलाढालीच्या कंपन्यांना या तरतुदीतून वगळलं आहे, पण तेवढ्याने सुटका होत नाही. काम इथे होत असेल तर त्या कामापुरता नफा इथे करपात्र ठरू शकतो. दोन्ही देशांत २०११मध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार झाला आहे. तो एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून आहे. कुठेच कर भरू नये, यासाठी नाही.

म्हणून मी स्पष्ट सांगतो. एकट्याने, भारतात बसून, परदेशी ग्राहकांचं काम करणाऱ्याला एस्टोनियन कंपनीची गरज सहसा नसते. सेवांच्या निर्यातीवर जीएसटी शून्य दराने लागतो, हमीपत्र भरून तो न आकारता बिल देता येतं. इथला धंदाच नीट करा. ज्याचे ग्राहक युरोपीय संघात आहेत आणि त्यांना युरोपीय कंपनीशीच करार हवा आहे, ज्याचा भागीदार युरोपात राहतो, किंवा जो स्वतः तिकडे जाऊन राहणार आहे, त्याने जरूर विचार करावा. त्याआधी भारतातला फेमा जाणणारा सीए आणि एस्टोनियातला करसल्लागार, दोघांशी बोलावं.

व्हिसा आणि प्रत्यक्ष प्रवास

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि हे दिवस सगळ्या शेंगेन देशांत मिळून मोजले जातात. व्यावसायिक भेटीसाठी तिथल्या कंपनीचं निमंत्रणपत्र, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, परतीचं तिकीट, बँकेचे उतारे हे नेहमीचं. ई-रेसिडेन्सीचं कार्ड दाखवून रांग टळत नाही. जास्त दिवस राहून दूरस्थ काम करायचं तर २०२०पासून डिजिटल नोमॅड व्हिसा आहे, नवउद्योगांसाठी वेगळा स्टार्टअप व्हिसा आहे. भारताने आपला दूतावास टॅलिनमध्ये २०२१मध्ये उघडला. त्याआधी फिनलंडमधल्या दूतावासाकडे जावं लागे.

भारतातून थेट विमान नाही. हेलसिंकी, फ्रँकफर्ट, वॉर्सा, इस्तंबूल अशा ठिकाणी बदलावं लागतं. टॅलिनचा विमानतळ शहराच्या इतका जवळ आहे की ट्रामने मध्यवर्ती भागात पोचता येतं. विमानतळालगत उलेमिस्ते सिटी हा व्यावसायिक भाग आहे. झारच्या काळात तिथे रेल्वेचे डबे बनत, सोव्हिएत काळात संरक्षणखात्याचा बंदिस्त कारखाना होता, आज आयटी कंपन्या आहेत. टॅलिनमध्ये बस-ट्राम फुकट असल्याचं ऐकलं असेल. ते तिथे नोंदणी असलेल्या रहिवाशांसाठी, पाहुण्याने तिकीट काढायचं.

घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे. त्यांची सकाळी नऊची बैठक म्हणजे आपली दुपार, त्यामुळे दोन्हीकडच्या कामाच्या वेळा चांगल्या जुळतात. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. अंधारात चालताना कपड्यांना प्रकाश परावर्तित करणारी छोटी पट्टी किंवा लटकन लावणं कायद्याने बंधनकारक आहे. दुकानात एक-दोन युरोंना मिळतं, कोटाच्या खिशातून दोरीने लोंबतं सोडायचं. मोटार चालवणाऱ्याला माणूस दिसावा यासाठी हे आहे. आल्याबरोबर विकत घ्या.

बैठकीत नमनाला घडाभर तेल चालत नाही. ठरल्या वेळी पोचा, हात मिळवा, पहिल्या नावाने बोला, दोन मिनिटांत मुद्द्यावर या. तुम्ही किंमत सांगितलीत आणि समोरचा गप्प बसला, तर घाबरून लगेच सूट देऊ नका. तो विचार करतोय, इतकंच. आपल्याला शांतता खुपते आणि आपण ती भरून काढायला बोलत सुटतो, तिथे तसं केलं की स्वतःच्याच बोलण्यात अडकतो. 'बघू, करू, नक्की होईल' असं मोघम बोलणं त्यांना कळत नाही. पंधरा तारखेला देतो म्हणालात, तर पंधराला गेलं पाहिजे. नाही जमणार असं दहालाच कळवलंत तर राग येत नाही, न कळवता सोळा उजाडली तर पुढचं काम मिळत नाही. साहेबाला एकांतात गाठून काम होईल असंही समजू नका, बैठकीतला सगळ्यांत तरुण अभियंता निर्णय फिरवू शकतो.

घरी बोलावलं तर दारात बूट काढायचे, हे आपल्याला सवयीचंच आहे. फुलं नेलीत तर विषम संख्येत, सम संख्या अंत्यविधीला. सौनात, म्हणजे गरम वाफेच्या स्नानघरात, चला असं आमंत्रण आलं तर तो विश्वासाचा भाग समजा. नको असेल तर मोकळेपणाने सांगितलेलं चालतं. जेवणात राय या धान्याचा काळा पाव, मासे, बटाटे, डुकराचं मांस जास्त. शाकाहारी माणसाची टॅलिनमध्ये सोय होते, छोट्या गावात आधी विचारावं. 'कामा' नावाचं पीठ जरूर चाखून बघा. जव, राय, ओट आणि वाटाणा भाजून दळलेलं, ताकात कालवून खातात. सातूच्या पिठावर वाढलेल्या माणसाला ते पहिल्याच घोटात ओळखीचं वाटेल. मोकळा वेळ मिळाला तर जुन्या शहराच्या चौकातलं औषधाचं दुकान बघा. किमान १४२२पासून ते तिथे आहे आणि अजून औषधं विकतं.

भेट कधी ठरवावी? २३ आणि २४ जूनला सुट्टी असते. पहिला दिवस १९१९च्या लढाईतल्या विजयाचा, दुसरा यानिपाएव म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा सण. सगळा देश खेड्यात जाऊन शेकोट्या पेटवतो, आणि तिथून जुलै संपेपर्यंत निर्णय घेणारी माणसं सहसा रजेवर असतात. जूनच्या अखेरीस पाठवलेल्या प्रस्तावाला उत्तर आलं नाही तर नकार समजू नका. महत्त्वाचा करार मे महिन्यात उरका, नाही तर सरळ ऑगस्टच्या मध्यावर पाठवा, आणि प्रत्यक्ष जायचं असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा: सगळे कामावर परतलेले असतात, उजेड पुरेसा असतो आणि जाड कोट अजून लागत नाही.